तिसऱ्या दिवशी तुंबणारी गाळणी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिनशॉपच्या मालकांचा फोन आला तो ऑगस्टमध्ये, भर पावसात. "सांडपाण्याच्या गाळणीची मेम्ब्रेन गेली साहेब. सिरॅमिकचं कोटेशन आलंय. तुम्ही एकदा नजर टाका, म्हणजे ऑर्डर सोडतो." निदान त्यांनी करून ठेवलेलं, औषधही ठरवलेलं, मी फक्त मान डोलवायची. कोटेशनचा आकडा बघून त्यांचाच हात आखडत होता, म्हणून मला बोलावणं.

मी फोनवर एक सल्ला ठोकून दिला. "बोअरचं पाणी वापरताय ना? मग चुन्याचं स्केल धरलं असेल. अ‍ॅसिड वॉश मारून घ्या, मी सोमवारी येतो." हा सल्ला मला पुढे चांगलाच नडला. त्याबद्दल नंतर.

कारखान्यात पंपाचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे सुटे भाग बनतात. वीसेक सीएनसी आणि व्हीएमसी मशिनं. त्यातून वापरून संपलेलं कूलंट निघतं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या तेलाचं दुधाळ मिश्रण. जॉब धुण्याच्या वॉशिंग मशिनचं अल्कलीचं पाणी निघतं, आणि थोडं फरशी धुतलेलं. सगळं मिळून दिवसाला साधारण ४,५०० लिटर. हे पाणी एका खड्ड्यात जमतं, बेल्ट स्किमर वरचं सुटं तेल ओढून घेतो आणि खालचं पाणी यूएफवर, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनवर जातं. यूएफमध्ये पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या सच्छिद्र नळ्या, हीच ती मेम्ब्रेन, एकूण क्षेत्रफळ १० चौरस मीटर.

चहाच्या गाळणीसारखं पाणी इथे वरून ओतून खाली काढत नाहीत. नळीतून ते सेकंदाला तीन-चार मीटर वेगानं पळवतात. पळता पळता थोडं पाणी भिंतीतल्या छिद्रांतून बाहेर झिरपतं, तेल नळीतच राहतं आणि वाहत्या पाण्याच्या घासण्यानं भिंतीवर चिकटत नाही. उरलेलं परत टाकीत येतं आणि पुन्हा फिरतं. असं फिरून फिरून शंभर लिटरांतले पंचाण्णव लिटर स्वच्छ पाणी म्हणून बाहेर पडावेत आणि पाच लिटर दाट तेलकट माल उरावा, असा हिशोब. तो माल बॅरलमध्ये भरून घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी पाठवायचा. त्याची साठवण नियमानं ९० दिवसांच्या वर चालत नाही, आणि बॅरलमागे पैसे मोजावे लागतात. यूएफ नीट चाललं तर बॅरल कमी होतात. एवढ्यासाठीच तर ते घेतलेलं.

नवीन असताना तासाला प्रत्येक चौरस मीटरमागे ४५ लिटर पाणी मिळत होतं. म्हणजे तासाला ४५० लिटर, दहा तासांत दिवसाचं काम उरकलं. मी गेलो तेव्हा हा आकडा, म्हणजे फ्लक्स, १५ वर आला होता. वीस तास पंप चालवून ३,००० लिटर, आणि बाकीच्या पाण्यानं निळे बॅरल भरून शेडबाहेर रांगा लागलेल्या. पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी त्यातल्या काही उघड्या बॅरलांत पडत होतं, म्हणजे घातक कचरा आपोआप वाढत होता.

ऑपरेटर मामा बुधगावहून सायकलवर येणारे, साठीच्या आसपासचे. हाताला कूलंटचा तो गोडसर कुबट वास कायमचा बसलेला. त्यांनी माझ्यासमोर पंपाचा व्हॉल्व्ह आवळला. दाब २ बारवरून ४ बारवर गेला. बाहेर येणाऱ्या पाण्याची धार जेमतेम केसभर जाड झाली आणि दहा मिनिटांत पुन्हा होती तेवढीच.

"मामा, उलटं करू. दीडवर आणा."

"आवो साहेब, मग येनारच न्हाई पानी."

आलं. ४ बारला जेवढं येत होतं जवळपास तेवढंच दीडला. अडवणूक छिद्रांत असती तर दाब निम्म्याखाली आणल्यावर पाणीही निम्म्याखाली आलं असतं. तसं झालं नाही, म्हणजे भिंतीवर चिकट थर बसलाय आणि दाब वाढवला की तो थरच आणखी घट्ट दाबला जातोय. तुंबलेल्या मोरीवर बादली जोरात ओतल्यानं मोरी मोकळी होत नाही, तसलाच प्रकार. गेले दोन महिने दाब वाढवून वाढवून त्यांनी हा थर स्वतःच्या हातानं लिंपला होता.

थर कसला, हे शोधताना माझा पहिला आठवडा वाया गेला. माझा संशय सुट्या तेलावर होता. मशिनच्या स्लाइडवेचं आणि हायड्रॉलिकचं तेल कूलंटमध्ये गळतं, वर तरंगतं. पीव्हीडीएफ मुळात पाण्यापेक्षा तेलाशी सलगी करणारं प्लास्टिक. त्यावर पाणी धरणारा लेप दिलेला असतो, तरी सुटं तेल लागलं की ते भिंतीवर पसरतं. स्किमरचा बेल्ट गुळगुळीत झाला होता, तो बदलून घेतला. फ्लक्स १५ चा १८ झाला आणि तीन दिवसांनी पुन्हा १४.

तीन दिवसांनी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

लक्षात आलं ते वह्यांमुळे. यूएफच्या शेडमध्ये मामांची एक वही: रोज सकाळी फ्लक्स, दाब, टाकीची पातळी. अक्षर बरं, आकडे प्रामाणिक. दुसरी वही पलीकडच्या बॉयलरच्या खोलीत, सॉफ्टनरची. बोअरच्या पाण्यात चुना फार, कडकपणा ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. कूलंटला आणि वॉशिंग मशिनला असं पाणी चालत नाही, म्हणून ते मऊ करणारा सॉफ्टनर, आणि तो दर तीन दिवसांनी मिठाच्या पाण्यानं धुवायचा. त्या वहीत फक्त तारीख आणि मिठाच्या पिशव्या. मी ती उघडली ती दुसऱ्याच कारणासाठी, रोज किती पाणी वापरलं जातं ते काढायला. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि तारखा जुळवत गेलो. ज्या रात्री मीठ, त्याच्या दुसऱ्या सकाळी फ्लक्स पडलेला. मग दोन दिवस थोडा थोडा सावरलेला. मग पुन्हा मीठ, पुन्हा पडलेला. जूनपासून हाच ठेका.

जुलैमध्ये मात्र सलग पाच दिवस फ्लक्स पडलाच नव्हता. सॉफ्टनरच्या वहीत त्या ओळीवर लिहिलेलं: "मीठ संपले. पाणी आल्याने गाडी नाही." कृष्णेचं पाणी चढून रस्ते बंद झाले होते तेव्हाची गोष्ट.

मामांना दाखवलं तर म्हणाले, "मीठ न्हवतं तवा बरं चाललं हुतं की. म्या म्हनलं, हवा गार हाय म्हनून आसंल."

सॉफ्टनर धुतलेलं खारं पाणी यूएफच्या खड्ड्यात यायचं काही कारणच नव्हतं. ड्रॉइंगमध्ये त्याची नळी वेगळ्या टाकीला जात होती. प्रत्यक्षात मे महिन्यात आवारात काँक्रीट घालताना जुनी नळी मध्ये येत होती, तर प्लंबरनं ती कापून सोयीच्या खड्ड्यात सोडली. दोन इंची पीव्हीसी, स्किमरच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पातळीखाली. वरून दिसणं शक्यच नव्हतं. खड्डा उपसल्यावर दिसली.

मालकांना हे पटेना. "मीठच आहे ना साहेब? मिठानं तेलाला काय होणार? लोणच्यात दोन्ही असतंच की."

म्हणून बरण्या मांडल्या. लोणच्याच्याच, रिकाम्या, धुतलेल्या. नळी काढून टाकल्यावर दोन दिवसांनी जमलेलं ताजं तेलकट पाणी घेतलं, वरचं सुटं तेल काढून टाकलं. चार बरण्यांत प्रत्येकी चार भाग. पहिली तशीच ठेवली. दुसरीत एक भाग सॉफ्टनरचं मऊ पाणी घातलं. तिसरीत एक भाग मऊ पाणी, पण त्यात खाण्याचं मीठ विरघळवलेलं. चौथीत एक भाग रिजनरेशनचं पाणी, सॉफ्टनर मिठानं धुतल्यावर निघणारं. झाकणं लावून सारखी हलवली आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवली.

पहिल्या दोन दुधासारख्या होत्या, तशाच राहिल्या. तिसरीत अर्ध्या तासानं वर बोटाच्या नखाएवढी साय धरली. चौथीकडे बघायला अर्धा तास लागला नाही. चहा येईपर्यंत तिच्यात बारीक दाणे दिसायला लागले, मग त्यांचे गोळे झाले आणि खालचं पाणी निवळीसारखं पिवळट. बरणी तिरकी केली तर गोळे काचेला चिकटून राहिले. मालकांनी झाकण उघडून बोट घातलं. चिकट, मेणचट. बेसिनवर साबण लावून धुतलं तरी बोट बुळबुळीत होतं ते होतंच.

"हे तर बोअरच्या पाण्यात साबण लावल्यावर बादलीला धरतं ते," ते म्हणाले.

बरोबर तेच. हे नीट समजावून सांगण्यासारखं आहे, कारण सगळं प्रकरण इथे आहे. कूलंटचं तेल पाण्यात विखुरलेलं राहतं ते साबणासारख्या पदार्थांमुळे. तेलाच्या प्रत्येक थेंबावर त्यांचं आवरण असतं आणि त्या आवरणावर ऋण विद्युतभार. सारख्या भाराचे थेंब एकमेकांना ढकलतात, म्हणून जवळ येऊन एक होत नाहीत. पाण्यात मीठ वाढलं की हा ढकलण्याचा पल्ला आखूड होतो, थेंब एकमेकांना भिडू लागतात. साध्या मिठानं हे सावकाश होतं, म्हणून तिसऱ्या बरणीत नुसती साय. पण रिजनरेशनचं पाणी म्हणजे साधं मीठपाणी नाही, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. सॉफ्टनरमधल्या रेझिननं, म्हणजे बारीक मण्यांनी, तीन दिवस बोअरच्या पाण्यातला जो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवलेला असतो, तो सगळा मीठ घातल्यावर एका झटक्यात सुटतो. या कारखान्यात दर वेळी ३० किलो मीठ लागायचं. त्यातलं बारा किलोच्या आसपास रेझिन मोकळं करण्यात खर्ची पडतं, उरलेलं तसंच वाहून जातं, आणि त्याच्याबरोबर तब्बल १७,००० लिटर पाण्यातला कडकपणा १,२०० लिटरांत गोळा होऊन येतो.

कॅल्शियमसारखा दोन भारांचा आयन सोडियमसारख्या एका भाराच्या आयनापेक्षा कित्येक पटींनी जास्त फाटाफूट करतो. शुल्झ या शास्त्रज्ञानं हे १८८२ मध्ये पाहिलं, हार्डी या दुसऱ्यानं १९०० मध्ये पक्कं केलं. शिवाय कॅल्शियम साबणाशी थेट संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण बनतो. चौथ्या बरणीतले गोळे म्हणजे हा साबण आणि त्यानं कवेत घेतलेलं तेल.

आता कुणी म्हणेल, तेल फुटून वेगळं झालं तर चांगलंच की, गाळायला सोपं. पूर्ण फुटलं असतं तर हो. काही कारखाने मुद्दाम अ‍ॅसिड किंवा तुरटी घालून इमल्शन फोडतात, तेल वर काढतात आणि मग खालचं पाणी पुढे पाठवतात. ती रीत चालते. न फुटलेलं इमल्शनही चालतं, थेंब आपापले गोल राहतात आणि नळीतून पळत जातात. नडतं ते मधलं. दूध असेल तर दूध राहू दे, पनीर करायचं तर नीट फाडून पंच्यात बांध, पण अर्धवट नासलेलं दूध कशातच धरता येत नाही आणि पातेल्याला मात्र लागतं. इथे पातेलं म्हणजे मेम्ब्रेन. दर तिसऱ्या रात्री मामा तिला नासलेलं दूध पाजत होते.

आता माझ्या अ‍ॅसिड वॉशकडे. मी यायच्या आधी त्यांनी तो मारला होता, सायट्रिक अ‍ॅसिडचा. कॅल्शियमच्या साबणावर अ‍ॅसिड पडलं की कॅल्शियम निघून जातो हे खरं, पण मागे जे उरतं ते मोकळं फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे सरळ सरळ चरबी. मेणचट थराच्या जागी ओशट थर, तोही छिद्रांच्या तोंडाशी. चुन्याचा शुद्ध थर असता तर अ‍ॅसिड बरोबर होतं. पाणी न बघता फोनवर औषध सांगितलं, त्याचं हे फळ.

खरी धुलाई वेगळी केली. सॉफ्टनरचं मऊ पाणी, त्यात एक टक्का ईडीटीए, कॉस्टिकनं पीएच साडेदहा, तापमान ४५ अंश. दाब अगदी कमी आणि प्रवाह जोरात, दोन तास. अल्कलीत ईडीटीए साबणातला कॅल्शियम ओढून घेतो, उरलेला साबण पाण्यात विरघळतो आणि आपल्याबरोबर तेलही घेऊन जातो. पहिल्या अर्ध्या तासात टाकीतलं द्रावण कोऱ्या चहासारखं झालं. ते सोडून दिलं आणि नवीन करून पुन्हा फिरवलं. पीव्हीडीएफला फार कडक अल्कली सोसत नाही, म्हणून पीएच ११ च्या वर जाऊ दिला नाही. मामा आधी ही धुलाई बोअरच्या पाण्यात करायचे. बोअरच्या पाण्यात कॉस्टिक टाकलं की त्यातला चुना तिथल्या तिथे पांढरा होऊन बसतो, म्हणजे धुता धुता नवा थर. पिंपावर आता खडूनं "फक्त मऊ पाणी" असं लिहिलंय.

सॉफ्टनरच्या खाऱ्या पाण्याला पुन्हा स्वतंत्र टाकी दिली, हे सांगायलाच नको. शिवाय कूलंट आणि वॉशिंगसाठी शक्य तेवढं एमआयडीसीच्या नळाचं पाणी घ्यायला लावलं. बोअर फुकट म्हणून ते वापरत होते, पण मिठाच्या पिशव्या, बॅरल आणि कूलंटचं घटलेलं आयुष्य यांचा हिशोब कागदावर मांडला तेव्हा फुकटचं पाणी सगळ्यात महाग निघालं. आता मीठ तिसऱ्या दिवसाऐवजी आठवड्यातून एकदा लागतं. ते खारं पाणी पत्र्याखाली, जाड प्लास्टिक अंथरलेल्या उथळ हौदात वाळवतात. सांगलीचं ऊन त्याला पुरतं, पावसाळ्यात थोडी ओढाताण होते.

यानंतर मालकांची दुसरी मागणी आली. यूएफमधून येणारं पाणी काचेसारखं नितळ. ते त्यांनी ग्लासात घेऊन उन्हात धरलं आणि म्हणाले, "हे गेटजवळच्या हिरवळीला सोडू. टँकर वाचेल."

मी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ग्लासात बुडवला. २,७०० मिलिग्रॅम. नळी चुकीची जोडलेली असताना ४,६०० होता. यूएफची छिद्रं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या हिशोबातली असली, तरी मिठाच्या आयनापुढे ती वेशीच्या दरवाजाएवढी. तेल अडतं, मीठ सरळ बाहेर. तेल-ग्रीस त्यांच्या संमतीपत्रातल्या १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसत होतं, पण पाण्यात विरघळलेलं डिटर्जंट आणि कूलंटमधले बाकीचे पदार्थही मेम्ब्रेन ओलांडतात, म्हणून सीओडी, म्हणजे अशा विरघळलेल्या घाणीचं माप, अजून भरपूर. नितळ दिसणं ही तेल गेल्याची खूण आहे, पाणी चांगलं असल्याची नाही.

हे मला फार समजवावं लागलं नाही. मालकांची शेती वाळवा तालुक्यात आहे, आणि तिथला एक तुकडा वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं क्षारपड झालाय. उन्हाळ्यात वर पांढरी खापरी धरते, ऊस गुडघ्याएवढा होऊन करपतो. मीटरकडे बघून ते एवढंच म्हणाले, "म्हणजे हिरवळीचं आमचं क्षारपड रान होणार." ग्लास ओतून दिला.

ते पाणी आता जॉबच्या पहिल्या धुण्याला वापरतात. त्यातलं डिटर्जंट परत उपयोगी येतं, तेवढी खरेदी कमी. पण दर फेरीला मीठ साठत जातं आणि बिडाचा जॉब खाऱ्या पाण्यानं लगेच गंजतो, म्हणून शेवटचं धुणं ताज्या पाण्यानंच, आणि टीडीएस ठरावीक आकड्यावर गेला की एक टाकी पुढच्या प्रक्रियेसाठी काढून द्यायची. आरओ लावायचा विचार आहे. या खारेपणाला दाब फार लागणार नाही, हजार मिलिग्रॅम मिठामागे पाऊण बारच्या आसपास ऑस्मोटिक दाब, म्हणजे मीठ पाण्याला मागे ओढतं तो दाब, धरला तरी तीन चतुर्थांश पाणी काढेपर्यंत आठ-नऊ बारवरच मात करायची. पण आरओच्या पटलाला तेलाचा अंशही सोसत नाही, त्यामुळे यूएफ सहा महिने न अडता चालल्याशिवाय ती चर्चा नको असं मी सांगितलंय.

आणि सिरॅमिक? ती चांगली वस्तू आहे, यात वाद नाही. तिचा पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो, तेलाला लवकर टेकू देत नाही, गरम आणि कडक अल्कलीनं धुतली तरी कुरकुरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पण ती नळी तशीच खड्ड्यात सुटत राहिली असती, तर कॅल्शियमचा तो साबण सिरॅमिकवरही बसला असता. फक्त लाखांच्या मेम्ब्रेनवर.

नोव्हेंबरमध्ये शेवटचा गेलो तेव्हा फ्लक्स ३८ होता, आणि सलग पाच आठवडे ३६ च्या खाली आला नव्हता. बॅरलांच्या रांगा गेल्या होत्या. ४५ मात्र परत आला नाही. मालकांनी कारण विचारलं. वयामुळे थोडं कमी होतंच, असं सांगून सुटता आलं असतं. त्यातले काही लिटर बहुधा माझ्या त्या अ‍ॅसिड वॉशनं खाल्ले, हे सांगितलं. ते हसले आणि बिलातून कापू का म्हणाले. मामा मध्ये बोलले नाहीत. त्यांनी वही पुढे केली. फ्लक्स, दाब आणि पातळी या तीन रकान्यांशेजारी पट्टीनं आखून चौथा रकाना काढला होता, आणि वर लाल पेननं लिहिलं होतं: मीठ.